जुना वाडा व निवास-न्याहारीचा जोडधंदा

शेतकऱ्याच्या जोडधंद्याचा विचार निघाला म्हणजे गाय, म्हैस, कोंबडी, मधमाशी व रेशीम यांचीं नांवें प्रथम पुढें येतात. ज्या घराण्यांचा शें-दोनशें वर्षांचा वाडा गांवांत उभा आहे, त्यांच्या पदरीं आणखी एक मिळकत असते. पण ते तिला मिळकत न समजतां ओझें समजतात. त्यांचें हें समजणें अगदींच खोटें नाहीं. दर पावसाळ्यापूर्वीं कौलें चाळावीं लागतात, माळवदावर माती चढवावी लागते, वाळवीचा बंदोबस्त करावा लागतो आणि हा सर्व खर्च शेताच्या उत्पन्नांतून काढावा लागतो. ज्या सालीं पीक बुडतें त्या सालीं शाकारणी राहते. शाकारणी राहिली कीं तुळई भिजते. आणि तुळई कुजली म्हणजे वाडा मोडण्याची भाषा सुरू होते. मग सागवानी खांब एकाकडे, नक्षीचा दरवाजा दुसऱ्याकडे व जोत्याचा घडीव दगड तिसऱ्याकडे जातो, आणि गांवांत एक मोकळें मैदान उरतें.

अशा वाड्यानें आपला खर्च आपणच भागवावा यासाठीं पाहुणे ठेवण्याचा एक मार्ग अलीकडे पुष्कळांनीं धरिला आहे. त्याची माहिती वाचक बंधुभगिनींस व्हावी म्हणून हा लेख लिहिला आहे. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली. त्या कामांत गांवठाणांतील मिळकतींचे कागद नित्य हाताखालून गेले. त्यावरून आमचें असें मत झालें आहे कीं, हा धंदा पाहुण्यावांचून जितका बुडतो, त्याहून अधिक तो कागदावांचून व छपरावांचून बुडतो. सबब आधीं कागद, मग छप्पर आणि त्यानंतर पाहुणा, हा क्रम आम्ही सांगत आहों.

धंद्याचें स्वरूप

राहत्या घरांतील दोन-चार खोल्या रात्रीच्या हिशेबानें पाहुण्यांस द्यावयाच्या आणि सकाळची न्याहारी त्याच दरांत घालावयाची, यास निवास-न्याहारी म्हणतात. ही चाल मूळची विलायतेकडील. आपल्याकडे केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची या नांवाची योजना आहे. तींत एकापासून सहा खोल्यांपर्यंत, म्हणजे फार तर बारा खाटांपर्यंत, नोंदणी होते. सुवर्ण व रौप्य अशा दोन श्रेणी असतात. आणि मालक किंवा त्याचें कुटुंब त्याच घरांत राहत असलें पाहिजे, ही मुख्य अट आहे. महाराष्ट्र राज्याचीहि निवास व न्याहारी योजना आहे, आणि शेतावर पाहुणे ठेवणारांसाठीं राज्याचें कृषि-पर्यटन धोरण २०२० सालीं जाहीर झालें. याशिवाय १९५० पूर्वीं बांधलेला राजवाडा, किल्ला, हवेली यांत मोठें निवासगृह चालविणारांसाठीं केंद्र सरकारचें वेगळें वर्गीकरण आहे. परंतु तें भांडवलवाल्यांचें काम होय.

मोठीं उदाहरणें पुष्कळ आहेत. राजस्थानांत नीमराणा येथील पडका किल्ला दुरुस्त करून १९९१ सालापासून तेथें पाहुणे राहूं लागले. सासवडजवळील जाधवगड ही पिलाजी जाधवरावांची गढी, तेथेंहि आज निवासगृह आहे. सावंतवाडीच्या राजवाड्याच्या आवारांत पाहुण्यांच्या खोल्या तेथील गंजिफांच्या चित्रांनीं सजविल्या आहेत. गोव्यांत केपें येथील १७८७ सालचा धर्मगुरूचा वाडा दुरुस्त होऊन लोकांस दाखविण्यांत येतो, आणि आगाऊ कळविल्यास तेथें जेवणहि मिळतें. यांच्या ऐश्वर्याचें अनुकरण आपणांस करतां येणार नाहीं व करूंहि नये. परंतु एक गोष्ट त्यांच्यापासून घेण्यासारखी आहे. जें अन्यत्र मिळत नाहीं तेंच त्यांनीं पाहुण्यापुढें ठेविलें. सावंतवाडीनें गंजिफा ठेविल्या. आपण आपली ढेलज, आपला चौक, आपलें धान्याचें बळद व आपल्या शेतांतील ज्वारीची भाकरी ठेवावी.

पहिलें काम : कागद

वाडा कोणाचा, हा प्रश्न विचारतांच घरांतील वडील मनुष्य छातीवर हात ठेवून "आमचा" म्हणतो. कागदावर पाहावें तों मिळकतीच्या नोंदीस आजोबांचें, क्वचित् पणजोबांचेंच नांव असतें. शेतजमिनीची वारसनोंद लोक निकडीनें करून घेतात, कारण तिच्यावांचून पीककर्ज मिळत नाहीं. वाड्यावर कर्ज काढावयाचें नसतें, म्हणून तो तसाच राहतो. दोन पिढ्यांनीं हिस्सेदार पंचवीस होतात. त्यांतील आठ मुंबई-पुण्यास, दोन परदेशीं आणि तिघांचा पत्ता ठाऊक नसतो.

म्हणून प्रथम पुढील कागद गोळा करावे. जेथें गांवठाणाचें नगर भूमापन झालें असेल तेथें मिळकत पत्रिकेची नक्कल घ्यावी. जेथें झालें नव्हतें अशा गांवठाणांची मोजणी २०२० सालीं निघालेल्या स्वामित्व योजनेखालीं ड्रोन विमानांच्या साह्यानें हातीं घेण्यांत आली. आपल्या गांवची मोजणी झाली असल्यास तेथील पत्रिका मिळते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा पुष्कळ लोक मालकीचा दाखला समजतात. तो घरपट्टीच्या आकारणीचा कागद आहे. केवळ त्यावर मालकी शाबीत होत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

यानंतर वारसांची नोंद. येथें सासरीं गेलेल्या बहिणींचा प्रश्न येतो, आणि बहुतेक वाद येथेंच पेट घेतो. हिंदु एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतींत मुलीस मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क आहे, ही दुरुस्ती हिंदु वारसा कायद्यांत २००५ सालीं झाली; आणि त्या वेळीं वडील हयात नव्हते एवढ्याच कारणानें तो हक्क जात नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं दिला. पूर्वींच रीतसर वाटप होऊन गेलें असेल तेथील गोष्ट निराळी. बहिणीस न विचारतां धंदा सुरू केला आणि पुढें तिच्या मुलांनीं दावा लाविला, तर त्या दाव्याच्या खर्चांत दहा वर्षांची शाकारणी होते. तिला विचारलें असतां ती बहुधा हिस्सा मागत नाहीं. माहेरीं आल्यावर आपल्याला एक खोली असावी, एवढेंच मागते. तें कागदावर लिहून द्यावें.

आमच्या पाहण्यांतील एका वाड्याचे चार हिस्सेदार होते. चौघांनीं चौकाचे चार भाग केले. एकानें आपल्या बाजूचे खांब विकले. वाडा हें एकच लाकडी शरीर असतें. एका बाजूचे खांब काढतांच दुसऱ्या बाजूच्या तुळया ओळंब्यांतून सुटल्या आणि दोन पावसाळ्यांत उरलेल्या तिघांच्या खोल्याहि राहण्याजोग्या राहिल्या नाहींत. ज्यानें विकलें त्याला पैसे मिळाले, ज्यांनीं विकलें नाहीं त्यांचें घर गेलें. वाड्याची वाटणी भिंतींची करूं नये, उत्पन्नाची करावी, असें आम्ही म्हणतों त्याचें कारण हेंच.

सर्व हिस्सेदारांनीं मिळून एक करारपत्र करावें व वकिलाच्या सल्ल्यानें तें दुय्यम निबंधकाकडे नोंदवावें. त्यांत पांच गोष्टी स्पष्ट असाव्या. धंदा कोण चालविणार. किती वर्षें चालविणार. उत्पन्नांतील किती भाग वाड्याच्या दुरुस्तीसाठीं बाजूस निघणार. उरलेल्याची वाटणी कशी. आणि कोणा एकास आपला हिस्सा विकावयाचा झाल्यास प्रथम घरांतल्यांसच कसा द्यावा. तोंडी शब्द भाऊ हयात असेतों चालतो. त्यांच्या मुलांच्या वेळीं कागदच लागतो.

आणखी एक सूचना. वाडा एखाद्या संरक्षित स्मारकाजवळ असेल तर चौकशीवांचून कुदळ मारूं नये. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यांत २०१० सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. पहिल्या १०० मीटरांतील जुन्या घराच्या दुरुस्तीलाहि परवानगी घ्यावी लागते.

दुसरें काम : छप्पर

पाहुण्यासाठीं पहिला रुपया रंगावर खर्च करणारा मालक फसतो. पहिला रुपया छपरावर, दुसरा पन्हळीवर व तिसरा परसांतील पाण्याच्या निचऱ्यावर गेला पाहिजे. जुन्या घरास मारणाऱ्या शत्रूंत पाणी पहिला होय. वाळवीहि पाण्याच्या मागोमाग येते. पाऊस पडत असतां कंदील घेऊन माळ्यावर चढावें व कोठें ओल येते तेथें खडूनें खूण करावी. उन्हाळ्यांत गवंड्याला दाखविण्यास त्या खुणा उपयोगीं पडतात.

भिंतींविषयीं एक मोठी भूल सर्वत्र दिसते. दगड, पांढरी माती, भाजलेली वीट व चुना यांच्या जुन्या भिंती ओल शोषतात आणि ती हवेंत सोडून देतात. त्यांवर सिमेंटचा गिलावा केला म्हणजे ओल आंत कोंडते. थोड्या वर्षांत गिलाव्याचे पापुद्रे सुटतात, मागची माती भुसभुशीत होते व भिंतींत रुतलेलीं लाकडाचीं टोकें कुजतात. जेथें चुना होता तेथें चुनाच वापरावा. तो चांगला विरवून कांहीं आठवडे भिजत ठेवावा, वाळू व विटांची सुरखी घालून मळावा, आणि पातळ थर देऊन हळूहळू सुकूं द्यावा. जुने गवंडी त्यांत गूळ, बेलफळ व हिरड्याचें पाणी घालीत. असा गवंडी तालुक्यांत एखादाच उरला असेल. तो असेल तर त्याच्या हाताखालीं दोन तरुण देऊन काम शिकवून घ्यावें, कारण पुढील दुरुस्तीला तो असेलच असें नाहीं.

लाकडावर चकचकीत रंग चढवूं नये; घासून स्वच्छ करावें व जवसाचें तेल द्यावें. कुजलेल्या खांबाचा केवळ कुजका भाग कापून तेथें त्याच जातीच्या लाकडाचा सांधा घालणारे सुतार अद्याप मिळतात. संबंध खांब बदलण्याची घाई करूं नये.

आगीची भीति विसरूं नये. १८२८ सालच्या आगींत पुण्याच्या शनिवारवाड्याच्या आंतील इमारती जळाल्या. आज तट, दरवाजे व जोतीं तेवढीं उभीं आहेत. विश्रामबागवाड्यालाहि १८७९ सालीं आग लागून मोठी हानि झाली. आजच्या वाड्यांत दिव्याच्या वातीपेक्षां विजेच्या जुन्या तारांचें भय अधिक. तुळईला खिळ्यांनीं ठोकलेल्या, कापडांत गुंडाळलेल्या तारा काढून टाकाव्या. नळींतून नव्या तारा घ्याव्या. आणि गळती होतांच वीज तोडणारें यंत्र मुख्य फळ्यावर बसवावें. स्वयंपाकाचा गॅस लाकडी माडीखालीं ठेवूं नये. प्रत्येक मजल्यावर आग विझविण्याचें नळकांडें असावें व तें कसें चालतें हें घरांतील प्रत्येकाला ठाऊक असावें. इमारतीचा विमाहि उतरावा.

न्हाणीघर व शौचकूप हा पाहुण्याचा पहिला प्रश्न असतो. तेथें कसूर चालत नाहीं. परंतु माडीवरील लाकडी तक्तपोशीवर न्हाणीघर बांधणें म्हणजे छपरांतून बाहेर काढलेलें पाणी पुन्हां घरांत घेणें होय. शक्य तों तीं तळमजल्यावर, परसाच्या बाजूस, स्वतंत्र भिंतीवर घ्यावीं आणि नळ भिंतीच्या बाहेरून न्यावे, म्हणजे गळती तत्काळ दिसते.

तिसरें काम : पाहुणा

पाहुणा थोडक्या अपेक्षेनें येतो. स्वच्छ अंथरूण, मच्छरदाणी, गरम पाणी, रात्रीं वाट दिसेल इतका उजेड व वेळेवर न्याहारी, एवढें मिळालें तर भिंतींतील कोनाडे व उंबऱ्याचा घडीव दगड बाकीचें काम करतात. न्याहारीस शहरी पदार्थांची नक्कल करूं नये. देशावर थालीपीठ व लोणी, कोंकणांत घावन किंवा आंबोळी, सोबत ऋतूप्रमाणें शेतांतील फळ, हेंच शोभतें व स्वस्तहि पडतें. खाद्यपदार्थ विकावयाचे म्हणजे अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्याप्रमाणें नोंदणी करून घ्यावी लागते.

पाहुण्यांची नोंदवही रोजच्या रोज लिहावी. नांव, पत्ता, ओळखपत्राचा क्रमांक, येण्याची व जाण्याची वेळ इतके रकाने पुरेत. परदेशी पाहुणा आल्यास त्याच्या आगमनाची खबर २४ तासांचे आंत सरकारास द्यावी लागते. ती आतां संगणकावरून देतां येते. खोली रात्रीच्या दरानें द्यावी, महिनेमहाल देऊं नये. महिनेमहाल राहणारा पाहुण्याचा भाडेकरी होतो, आणि भाडेकरी व पाहुणा यांना कायदा निरनिराळा आहे.

पाहुणे घराचा इतिहास विचारतात. येथें मोह फार होतो. ज्या वाड्याचा कोणत्याहि बखरींत उल्लेख नाहीं, त्याच्या माडीवर एखाद्या पेशव्यानें मुक्काम केल्याचें सांगितलें जातें. असें सांगूं नये. घरांतील सनदा, जमाखर्चाच्या वह्या, मोडी कागद जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावे व त्यांतून जें निघेल तेंच सांगावें. दुष्काळाच्या सालीं घरांतून किती धान्य वांटलें, अशी एखादी खरी नोंद सांपडली तर ती खोट्या मुक्कामापेक्षां अधिक किंमतीची आहे.

हिशेब

आतां आंकडे. हे केवळ समजुतीसाठीं धरलेले आहेत. प्रत्येकानें आपल्या गांवचा दर घालून पुन्हां मांडावे. तीन खोल्या आहेत, वर्षांतून साठ रात्री त्या भरतात, आणि न्याहारीसह खोलीचा दर २,००० रुपये आहे, असें धरूं. एकंदर १८० खोली-रात्री होतात व उत्पन्न ३,६०,००० रुपये येतें. शिधा, धुलाई, वीज, मजुरी व गिऱ्हाईक आणून देणाऱ्या कंपनीची दलाली मिळून शेंकडा ४० प्रमाणें १,४४,००० रुपये जातात. यानंतर एकंदर उत्पन्नाचा तिसरा हिस्सा, म्हणजे १,२०,००० रुपये, वाड्याच्या निधींत टाकावे. राहिले ९६,०००. त्यांतील निम्मे चालविणाऱ्यास व निम्मे हिस्सेदारांस, असें ठरलें असेल तर सहा हिस्सेदारांस प्रत्येकीं ८,००० रुपये येतात.

वाईट सालीं रात्री निम्म्यावर आल्या तर उत्पन्न १,८०,००० होतें. खर्च मात्र निम्म्यावर येत नाहीं, कारण कांहीं मजुरी व वीज लागतेच. तो ९०,००० धरावा. वाड्याच्या निधीस ६०,००० देऊन ३०,००० उरतात, आणि हिस्सेदाराच्या हातीं २,५०० पडतात.

यावरून दोन गोष्टी दिसून येतील. हिस्सेदारानें श्रीमंत होण्याच्या आशेनें यांत पडूं नये. परंतु ज्या छपरासाठीं दरसाल शेतांतून पैसा काढावा लागत होता, त्यास वाईट सालींहि साठ हजार रुपये मिळतात, आणि तें पीक पावसावर अवलंबून नाहीं. म्हणून वाड्याचा तिसरा हिस्सा प्रथम काढावा, वाटणी मागाहून. निधीचें खातें बँकेंत स्वतंत्र असावें व दोन हिस्सेदारांच्या सह्यांवांचून त्यांतून पैसा निघूं नये.

मजुरीच्या रकान्यांत घरांतील स्त्रियांची मजुरी अवश्य धरावी. पहांटे उठून पाणी तापविणें, थालीपीठें लावणें, अंथरुणें बदलणें हीं कामें बहुधा त्याच करतात आणि हिशेबांत त्यांचें नांव नसतें. बाहेरची बाई ठेविली असती तर जें द्यावें लागलें असतें, तें घरच्या सुनेच्या खात्यावर दरमहा जमा करावें. असें न केल्यास नफा दिसतो तो तिच्या श्रमाचा असतो, धंद्याचा नसतो. आणि ती थकली कीं धंदाहि थांबतो.

वस्तु व सेवा कराच्या नोंदणीची मर्यादा सेवेच्या धंद्यास महाराष्ट्रांत सामान्यतः वर्षाला २० लाख रुपये उलाढालीची आहे. वरील धंदा तिच्या पुष्कळ खालीं राहतो. तथापि दलाली कंपनीशीं करार करण्यापूर्वीं हिशेबनिसास विचारावें.

हा धंदा कोणीं करूं नये

ज्या वाड्यावर दावा चालू आहे, ज्याच्या मुख्य तुळया वांकल्या आहेत, किंवा ज्या घरांत अनोळखी मनुष्य आल्यानें वडीलधाऱ्यांस अवघडल्यासारखें होतें, त्या घरीं पाहुणे ठेवूं नयेत. कर्ज काढून एकदम सहा खोल्या सजविणें तर सर्वथा टाळावें. चार लाखांचें कर्ज काढलें तर वरच्या हिशेबांतील चांगल्या सालचा निधीहि तीन वर्षांहून अधिक काळ, व्याज वेगळें, त्यांतच जाईल आणि छप्पर पुन्हां गळेल. एक खोली नीट करावी, एक हंगाम चालवावी, वहींत जमा-खर्च पाहावा आणि मग दुसरीला हात घालावा.

पेरणीपूर्वीं जसें बियाणें पाहून ठेवितों, तसें या कामास लागणारांनीं पावसाळा लागण्यापूर्वीं दोन गोष्टी कराव्या: मिळकत पत्रिकेची नक्कल काढावी आणि माळ्यावर एकदां चढून यावें. या दोहोंत काय आढळतें त्यावरच पुढील सर्व गोष्टी अवलंबून आहेत. करारपत्राचा साधा मसुदा कसा असावा, याविषयीं वाचकांनीं मासिकाच्या पत्त्यावर विचारणा केल्यास पुढील एखाद्या अंकांत सवडीप्रमाणें लिहूं.